पिवळे तेवढे सोनकी नव्हे

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने फुलांवर लिहायचे म्हटले की वाचकांची अपेक्षा ठरलेली असते. सोनेरी कुरण, मंद वारा, आणि शेवटी दोन ओळींची कविता! प्रस्तुत लेखात यातले काहीच नाही, हे आरंभीच सांगून टाकते. हा लेख सोनकी नावाच्या एका रानफुलाची ओळख कशी पटवावी, एवढ्याचपुरता आहे. आणि तो मी लिहिते आहे, कारण हे फूल ओळखण्यात मी सपशेल चुकले होते. ती चूक खासगीत झाली असती तर मी ती खासगीतच ठेवली असती. परंतु ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या भर बैठकीत झाली, तेव्हा तिचे परिमार्जनही चारचौघांत व्हावे हे उचित.

झाले ते असे. गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही काही मैत्रिणी कासच्या पठारावर गेलो होतो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वर गेले की लागणारे हे पठार आता सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातील कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्या जोडीने कासचाही समावेश झाला. बरोबरच्या एका मुलीने दूरच्या पिवळ्या उताराकडे बोट दाखवून सांगितले, "ती बघ सोनकी!" सोनकी हा शब्द माझ्या मनात घर करून बसला. परतताना घाटातल्या एका उपाहारगृहाच्या कुंपणालगत तशीच पिवळी फुले दिसली. त्यांचे बी तयार झाले होते. पठारावरचे काही तोडायचे नाही हा नियम पाळून मी कुंपणाजवळचे ओंजळभर बी घेतले आणि कागदात बांधून आणले.

पुढे आमच्या महाविद्यालयामागच्या टेकडीच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला. मी उत्साहाने उठून सांगितले की, परदेशी रोपे कशाला, आपल्या सह्याद्रीचीच सोनकी आपण टेकडीवर पेरू! टाळ्या पडल्या. जबाबदारीही माझ्यावरच पडली. कागदाच्या छत्तीस पुड्या मी स्वतः बांधल्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात 'सोनकी' असे लिहिले.

जून महिन्यात, पहिल्या पावसाआधी, एका निवृत्त प्राध्यापकांना आम्ही मार्गदर्शनासाठी बोलावले. त्यांनी चाळीसएक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलेले. मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नव्हती, नुसती दोन बोटांनी चाचपली आणि विचारले, "हे बी कपड्याला चिकटतं का गं?"

"हो सर, ओढणीला चिकटलं होतं. काढताना पुरेवाट झाली."

"मग ही सोनकी नव्हे. सोनकीचं बी चिकटत नाही. ते उडतं."

छत्तीस पुड्या टेबलावर होत्या आणि छत्तीस वेळा माझे अक्षर! पुडीतले बी होते कॉसमॉसचे. नारिंगी-पिवळ्या फुलांचा हा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. शोभेसाठी तो आपल्याकडे आला, आणि बागांच्या कुंपणांबाहेर पडून आता रस्त्यांच्या कडा आणि टेकड्यांचे उतार व्यापत चालला आहे. म्हणजे 'परदेशी रोपे कशाला' असे म्हणत मी नेमके परदेशी बीच टेकडीवर उधळणार होते.

सरांनी रागावले असते तर बरे वाटले असते. ते फक्त म्हणाले, "भाद्रपदात ये. तेव्हा फूल दाखवतो. तोवर पुड्या जाळून टाक." मी भाद्रपदात गेले. त्यानंतर जे शिकले ते पुढे लिहीत आहे.

सर्वांत आधी एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. सोनकीचे फूल म्हणून आपण जे पाहतो ते एक फूल नसतेच. सोनकी ही सूर्यफुलाच्या कुलातली. शेवंती, झेंडू, करडई, कारळे, माका, गोरखमुंडी ही सगळी याच कुलातली मंडळी. जगात या कुलाच्या २५,००० हून अधिक जाती आहेत. या कुलात अनेक चिमुकली फुले एका बैठकीवर दाटीवाटीने बसतात आणि बाहेरून एकाच फुलाचा आव आणतात. अशा समूहाला 'स्तबक' म्हणतात. कुलाचे जुने नाव कंपॉझिटी, म्हणजे अनेकांचे मिळून झालेले, ते यावरूनच पडले.

सोनकीच्या स्तबकात दोन प्रकारची फुले असतात. कडेला ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल आहे. ती किरणपुष्पके. मधली पिवळी गादी म्हणजे बारीक नळीसारख्या फुलांचा गठ्ठा. ती बिंबपुष्पके. ती एकदम उमलत नाहीत. कडेकडून मध्याकडे, वर्तुळावर्तुळाने उमलत जातात. प्रत्येक नळीत पाच परागकोश एकमेकांना चिकटून एक पोकळ नळकांडे झालेले असते, आणि त्यातून वर सरकणारा किंजल पिचकारीच्या दट्ट्यासारखा पराग बाहेर ढकलतो. म्हणून मधमाशी एका स्तबकावर उतरली की एका फेरीत तिची कितीतरी फुलांशी गाठ पडते.

हे समजल्यावर पहिली चाचणी आपोआप सुचते. पिवळा रंग दिसला की तो स्तबक आहे की एकटे फूल, हे पाहावे. कासच्या पठारावर सोनकीच्या आसपास 'कवला' नावाची वनस्पती गालिच्यासारखी पसरते. तिचाही रंग पिवळाच. परंतु जवळ जाऊन पाहिले तर तिचे फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे असते आणि पाने लहान लहान पर्णिकांची. ती शेंगा धरणारी, म्हणजे वेगळ्याच कुलातली. दूरच्या पिवळ्या उताराकडे बोट दाखवून नाव सांगणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळेल. माझ्या मैत्रिणीने दाखवलेला तो उतार सोनकीचा होता की कवल्याचा, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

दुसरी चाचणी पानांची. येथे मला माझ्या आजीचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. मी सप्टेंबरअखेर गावी गेले होते. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक सोनेरी पट्टा दिसला. नवीन विद्या अंगात आलेली, मी आजीला म्हटले, "आजी, बघ, आपल्याकडं पण सोनकी हाय." आजी माझ्याकडे पाहतच राहिली. "अगं, कारळं हाय ते! चटणी खाताना बरं वळखतीस!" आणि तिने एक डहाळी मोडून माझ्यासमोर धरली. कारळ्याची पाने समोरासमोर जोडीने येतात. शेंड्याकडची क्वचित एकाआड एक. शिवाय त्याच्या प्रत्येक किरणपुष्पकाच्या टोकाला तीन ठळक दाते असतात आणि बी काळे, चकचकीत, केसांशिवायचे. सोनकीची पाने खालपासून वरपर्यंत एकाआड एक लागतात. त्यांच्या कडा दातेरी असतात आणि वरची पाने जवळजवळ बिनदेठाची, खोडालाच बसल्यासारखी. माझा कॉसमॉसही या चाचणीत तिथल्या तिथे बाद झाला असता, कारण त्याची पाने समोरासमोर आणि गाजराच्या पाल्यासारखी चिरत गेलेली असतात. मी त्या दिवशी कुंपणाजवळ पानांकडे पाहिलेच नव्हते. फूल सुंदर असले की पानाकडे कोण पाहतो?

तिसरी चाचणी मला सर्वांत आवडते. फूल उलटे करून पाहावे. स्तबकाच्या खाली हिरव्या चिंचोळ्या पानांचा पेला असतो. या पानांना छदे म्हणतात. सोनकीमध्ये ही छदे एकाच ओळीत, सारख्या उंचीची, एकमेकांना लागून उभी असतात, जणू परडीच्या काड्या. अगदी तळाशी चारदोन बारीक उपछदे दिसली तर दिसली. सोनकी ज्या वंशात मोडते त्या सेनेसिओ वंशाची ही ओळखीची खूण आहे. कॉसमॉस उलटा केला तर दोन वेगळ्या प्रकारची छदे दिसतात. बाहेरची हिरवी आणि अरुंद, आतली पातळ आणि फिकट. व्हिकोआ इंडिका नावाची एक पिवळी वनस्पती आहे. तिची पाने सोनकीप्रमाणे एकाआड एक असल्याने ती दुसऱ्या चाचणीतून सहीसलामत सुटते. परंतु तिच्या पेल्यात अरुंद छदांच्या अनेक ओळी एकीवर एक चढलेल्या असतात, तेथे ती सापडते. हल्ली मोबाईलवर फुलाचे छायाचित्र दिले की नाव मिळते. ते वाईट नाही, मीही ते वापरते. फक्त आपण छायाचित्र नेहमी समोरून काढतो आणि ओळख बरेचदा पाठीमागे असते. तेव्हा तीन छायाचित्रे काढावीत: समोरून, पाठीमागून आणि पानासह खोडाचे.

चौथी चाचणी बियांची, म्हणजे मला शरमेने मान खाली घालायला लावणारी. सूर्यफुलाच्या कुलात फुलाचा हिरवा संवर्त नेहमीसारखा नसतो. त्याच्या जागी कुठे केस, कुठे काटे, कुठे काहीच नाही असे रूप येते. सोनकीच्या मधल्या पुष्पकांच्या तळाशी पांढरे, रेशमासारखे केस असतात. बी पिकले की याच केसांवर ते वाऱ्याबरोबर निघून जाते. रुईची तरंगणारी बी दिसली की आपण लहानपणी "म्हातारी, म्हातारी" म्हणून तिच्यामागे धावत असू. गंमत अशी की सेनेसिओ हे नावसुद्धा लॅटिनमधील 'सेनेक्स' या शब्दावरून आले आहे, आणि सेनेक्स म्हणजे म्हातारा. पांढऱ्या केसांवरूनच त्या लोकांनी हे नाव ठेवले. हजारो कोस दूरच्या भाषेत आणि आपल्या गावच्या पोरांच्या तोंडी एकच कल्पना यावी, हे भाषेच्या विद्यार्थिनीला विशेष वाटले, म्हणून मुद्दाम नोंदवले. कॉसमॉसचे बी मात्र काळसर, सुईसारखे लांब आणि टोकाला उलट्या काट्यांचे असते. ते जाणाऱ्या-येणाऱ्याला पकडते. एक बी वाऱ्याचे, दुसरे वाटसरूचे. सरांनी पुडी न उघडता जे ओळखले ते एवढ्यावरून.

या चार चाचण्यांत दोन गोष्टी मी जाणूनबुजून घेतलेल्या नाहीत. पहिली पाकळ्यांची संख्या; ती स्तबकागणिक थोडी बदलते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. दुसरी झाडाची उंची. पातळ मातीत सोनकी वीतभर राहते आणि ओलाव्याच्या जागी गुडघ्याच्याही वर जाते.

सोनकीच्या शास्त्रीय नावाविषयी थोडेसे. जुन्या पुस्तकांत ती 'सेनेसिओ ग्राहमी' या नावाने सापडते. त्या नावात जॉन ग्राहम या गृहस्थांची आठवण आहे. ते मुंबईत टपाल खात्यात अधिकारी होते, आणि मुंबई भागातील वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर १८६१ मध्ये डालझेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. आज सोनकीचे मान्य नाव 'सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस' असे आहे. तिची भावंडेही सह्याद्रीत आहेत. सेनेसिओ डालझेली ही चणीने लहान. सेनेसिओ एजवर्थी हीही सोनकीच म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या पानांची मागची बाजू पांढुरकी, लोकरी असते. म्हणून नुसते 'सोनकी' म्हणून थांबण्यापूर्वी पानही उलटून पाहावे.

आता एका स्वाभाविक प्रश्नाकडे वळते. माझ्या वर्गातील एका मित्राने तो स्पष्टच विचारला: "दोन्ही पिवळी, दोन्ही छान. टेकडी पिवळी झाली म्हणजे झालं. नावाला एवढं काय?"

याचे उत्तर मला सरांबरोबर टेकडी चढताना मिळाले. आपण ज्याला 'उघडी टेकडी' किंवा 'पडीक माळ' म्हणतो ते गवताळ रान असते. मुरमावर वीतभरही माती नसते. पावसाबरोबर गवत आणि रानफुले उगवतात, चार महिन्यांत फुलून बी टाकतात आणि कार्तिकात वाळून जातात. सोनकी वर्षायू आहे. तिचे पुढील वर्ष त्या एका हंगामाच्या बियांवर अवलंबून असते. कॉसमॉससारखी दाट वाढणारी वनस्पती तिथे घुसली की खालच्या लहान रोपांना ऊनच मिळत नाही. याच कुलातल्या गाजरगवताचा अनुभव आपल्यापुढे आहे. तेही अमेरिका खंडातून आले. १९५० च्या दशकात पुण्याजवळ त्याची नोंद झाली आणि आज ते नाही असा रस्ता शोधावा लागतो. त्याला कोणी मुद्दाम पेरले नव्हते. मी तर समारंभपूर्वक पेरणार होते!

तसेच परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू असते असेही म्हणण्याचा माझा हेतू नाही. आपल्या जखमेवर पाला चोळली जाणारी एकदांडी मूळची अमेरिकेकडचीच, आणि बागेतला कॉसमॉस बागेत सुंदरच दिसतो. मुद्दा जागेचा आहे. कुठे काय पेरतो आहोत हे पेरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि त्यासाठी नाव बरोबर असले पाहिजे.

टेकडीवर त्या सप्टेंबरातल्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. मागच्या उताराला, कुसळी गवतात, सर अचानक थांबले आणि मला म्हणाले, "सांग, हे काय?" रुपयाच्या नाण्याएवढे पिवळे स्तबक होते. मी घाईने उत्तर दिले नाही. पाने पाहिली, एकाआड एक, दातेरी. न तोडता फूल हलकेच उलटे केले; छदांची एकच ओळ. एक जुने स्तबक सुकत आले होते, त्याच्या तोंडाशी पांढरे केस दिसत होते.

"सोनकी," मी म्हणाले.

सर हसले. आम्ही मोजली तेव्हा त्या उतारावर तेवीस झाडे भरली. ती आधीपासूनच तिथे होती. तीन वर्षे मी वर्गाच्या खिडकीतून ती टेकडी पाहत होते आणि तिला सोनकी लावायच्या गोष्टी करत होते. याहून वाईट म्हणजे, आदल्या वर्षीच्या श्रमदानात आम्ही याच उताराचा एक पट्टा 'साफ' केला होता. तिथे गवतही विरळ आणि सोनकी एकही नव्हती. त्या दिवशी कुदळ चालवणाऱ्यांत मीही होते.

त्यानंतर आमच्या बैठकीत मी पुन्हा उभी राहिले आणि पुड्यांची हकीकत जशीच्या तशी सांगितली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण एक ठराव झाला. मागच्या उतारावर पेरणी नाही, खड्डे नाहीत आणि गवत उपटणे नाही. फक्त कॉसमॉस आणि गाजरगवत बी धरण्यापूर्वी उपटायचे. ते उपटण्यासाठी ओळखता आले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

शेवटी सूचनावजा दोन शब्द. स्तबक उभे चिरून आतली रचना शिकायची असेल तर घरच्या कारळ्याचे वा सूर्यफुलाचे चिरावे. रानातली सोनकी खुडू नये. तिची भाजी, चटणी किंवा औषध करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये, कारण सेनेसिओ वंशातील अनेक वनस्पतींत यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. आजीचे म्हणणे असे की, सोनकीला आमची गुरे तोंड लावत नाहीत. गुरांना जे कळते ते आपणही मानावे.

ज्यांना सोनकी प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात सिंहगड, राजगड, तोरणा, महाबळेश्वर, पाचगणी कुठेही जावे. गवताळ उतारावर किंवा गडाच्या तटालगत ती भेटेल. परंतु तितके दूर जाण्याआधी येत्या भाद्रपदात आपल्या टेकडीच्या मागच्या उतारावर यावे. गेल्या वर्षी तेवीस झाडे होती. यंदा किती आहेत ते मोजायला माणसे हवी आहेत. मोजण्याआधी प्रत्येकाने फूल उलटे करून पाहायचे, एवढीच अट.